सशासाठी बंदूक कोणती? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

ससा, खार, कवडे, तितर अशा लहान सावजांच्या बंदुकीबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. शस्त्रपरवाना, शिकारीचा परवाना, हंगाम आणि जागेच्या मालकाची संमती या गोष्टी पूर्ण असतील, आणि त्या भागात त्या प्राण्याची शिकार कायद्याने खुली असेल, असं धरूनच पुढचं सगळं लिहिलं आहे. यातलं एक जरी नसेल तर बंदूक निवडायचा प्रश्नच उरत नाही.

प्रश्न : पहिलीच बंदूक घ्यायची आहे. कोणी .२२ रायफल सांगतं, कोणी बारा बोअर, म्हणजे छर्‍याची बंदूक. सशासाठी एकच घ्यायची तर कोणती?

उत्तर : सावज बसलेलं मिळणार की पळणारं, हे आधी ठरवा. बंदुकीचं नाव त्यानंतर आपोआप पुढे येतं.

संध्याकाळी बांधाच्या कडेला चरायला येणारे, ४०-५० मीटरवर स्थिर बसलेले ससे मिळणार असतील, तर .२२ रायफल घ्या. एक गोळी डोक्यात बसते, मांस खराब होत नाही, आणि आवाज कमी असल्यामुळे बाकीचे ससे पुष्कळदा थोड्या वेळाने परत बाहेर येतात. झुडपांतून चालताना किंवा कुत्र्याने उठवल्यावर ससा पायाजवळून सुसाट सुटणार असेल, तर छर्‍याची बंदूकच हवी. धावत्या सशावर रायफल चालवणं म्हणजे एकतर चुकणं, नाहीतर मागच्या पायात गोळी घालून जनावर जखमी सोडणं. दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा फार वाईट.

तिसरी बाब म्हणजे सावजाच्या मागे काय आहे. .२२ ची गोळी दीड किलोमीटरहून लांब जाऊ शकते. सहा नंबरच्या छर्‍यांचा धोका २००-२५० मीटरच्या आसपास संपतो. सपाट माळ, आसपास वस्ती, चरणारी गुरं, मागे मातीचा उतार नाही, अशी जागा असेल तर रायफल कितीही आवडली तरी ती तिथे चालवू नये.

दोन्ही प्रकारची शिकार होणार असेल आणि खरोखर एकच बंदूक घ्यायची असेल, तर छर्‍याची घ्या, बारा किंवा वीस बोअर (आकडा मोठा तितकी नळी बारीक). बसलेला ससा छर्‍याने ३० मीटरच्या आत गाठता येतो, त्यासाठी फक्त जास्त जवळ जावं लागतं. पळता ससा मात्र रायफलने गाठता येत नाही.

प्रश्न : .२२ लाँग रायफल आणि .१७ एचएमआर यांत गोंधळ होतो. दुकानदार म्हणतो .१७ सगळ्या बाबतीत वरचढ आहे. खरं आहे का?

उत्तर : पल्ल्याच्या बाबतीत खरं आहे, सगळ्या बाबतीत नाही.

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून आहे आणि लहान सावजासाठी आजही सर्वांत जास्त तेच वापरलं जातं. नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची. हाय-व्हेलॉसिटी प्रकारात ती सेकंदाला ३७०-३८० मीटर वेगाने सुटते, सबसॉनिक प्रकारात ३२० च्या आसपास. आवाजाचा वेग सुमारे ३४० मीटर. त्याच्या वर सुटलेली गोळी हवेत कडाका करते, खाली सुटलेली करत नाही. सशासाठी सबसॉनिक हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ असलेली गोळी) हीच पहिली निवड. वेग कमी म्हणजे वार्‍याने जास्त वाहणार असं वाटतं, प्रत्यक्षात उलट घडतं : हाय-व्हेलॉसिटी गोळी वाटेत ध्वनिवेगाच्या खाली उतरताना झपाट्याने वेग गमावते आणि आडव्या वार्‍यात सबसॉनिकपेक्षा जास्त सरकते.

.१७ एचएमआर २००२ साली बाजारात आलं. .२२ मॅग्नमच्या काडतुसाची मान आवळून त्यात १७ ग्रेनची चिमुकली गोळी बसवलेली असते, आणि ती ७७५ मीटरच्या आसपास वेगाने निघते. १०० मीटरवर शून्य लावलं, म्हणजे नेम आणि गोळी तिथे जुळवली, तर ५० मीटरवर ती जेमतेम एक सेंटीमीटर वर लागते आणि १२५ मीटरवर सुमारे चार सेंटीमीटर खाली. अंतराचा अंदाज दहा-पंधरा मीटरने चुकला तरी नेम टिकतो, हा तिचा मोठा गुण. दुसरा गुण म्हणजे पातळ कवचाची गोळी लागताच फुटते, त्यामुळे दगडावर आपटून उसळण्याचा धोका .२२ पेक्षा कमी, पण शून्य नव्हे. .२२ ची सबसॉनिक गोळी ओल्या किंवा खडकाळ जमिनीवरून शिट्टी वाजवत भलतीकडे जाते. जमीन सपाट आणि टणक असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडतो.

आता तोटे. .१७ ची गोळी धडाला लागली तर सशाचा तो भाग खाण्यालायक राहत नाही, म्हणून तिने फक्त डोक्यावरच नेम धरायचा. आवाज कडक असतो, पहिल्या बारानंतर रान रिकामं होतं. ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा तिला १०० मीटरवर सुमारे नऊ-दहा सेंटीमीटर सरकवतो, म्हणजे सशाचं डोकं पार सुटतं. काडतूसही .२२ पेक्षा महाग, त्यामुळे सराव कमी होतो, आणि सराव कमी झाला की पल्ल्याचा फायदा कागदावरच राहतो.

आमचं मत : तुमचे ससे ७० मीटरच्या आत मिळत असतील तर .२२ घ्या आणि वाचलेला पैसा काडतुसांवर घाला. रानच मोकळं असेल आणि १०० मीटरच्या आत ससा येऊच देत नसेल, तर .१७ ला पर्याय नाही.

.२२ घेतल्यावर एक काम न चुकता करा. चार-पाच वेगवेगळ्या कंपन्यांची सबसॉनिक काडतुसं एकेक डबी आणा आणि ५० मीटरवर प्रत्येकीचे पाच-पाच बार टेकवून काढा. एकच रायफल एका काडतुसाने २ सेंटीमीटरचा घोस (भोकांचा पुंजका) देते आणि दुसर्‍याने ६ सेंटीमीटरचा. सशाच्या डोक्यातला मर्मभाग तीन सेंटीमीटरचा असतो, तेव्हा हा फरक म्हणजे मेलेला ससा आणि जबडा फुटून पळालेला ससा यांतला फरक आहे. जे काडतूस जमलं त्याच्या एकाच लॉटच्या जास्त डब्या घेऊन ठेवा.

प्रश्न : बारा बोअर घेतली आहे. छर्‍याचा नंबर आणि चोक कोणता वापरावा? ३५ मीटरवर ससे लंगडत पळून जातात.

उत्तर : लंगडत जातात याचा अर्थ छर्रे पोचतात, पण पुरेसे पोचत नाहीत. म्हणजे तुमचा पॅटर्न, छर्‍यांचा फैलाव, विरळ आहे.

सशासाठी शिशाचे सहा नंबरचे छर्रे, २८ ते ३२ ग्रॅमचा भार, हे जुनं आणि बरोबर उत्तर आहे. फक्त नंबराच्या दोन पद्धती आहेत, हे ध्यानात ठेवा. अमेरिकी सहा नंबर २.८ मिलिमीटरचा, ब्रिटिश सहा नंबर २.६ मिलिमीटरचा. अमेरिकी सहा म्हणजे जवळपास ब्रिटिश पाच. डबीवर मिलिमीटरमध्ये व्यास छापलेला असेल तर तोच वाचा. सशाला २.६ ते २.८ मिलिमीटर ठीक. जाडजूड रानससा, जो तीन-चार किलोचा भरतो, त्याला २.८ ते ३.१. कवडे, तितर यांना २.४ ते २.६.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी ठेवलेला आवळलेला भाग. बारा बोअरमध्ये इम्प्रूव्हड सिलिंडर पाव मिलिमीटर, हाफ अर्धा मिलिमीटर, फुल जवळपास एक मिलिमीटर आवळलेला असतो. ४० यार्ड, म्हणजे साधारण ३६ मीटरवर ७५ सेंटीमीटरच्या वर्तुळात इम्प्रूव्हडचे निम्मे छर्रे बसतात, हाफचे ६० टक्के, फुलचे ७० टक्के. झुडपातल्या सशासाठी इम्प्रूव्हड किंवा हाफ. फुल लावला तर १५ मीटरवर पॅटर्न इतका आवळलेला असतो की नेम थोडा हलला तर ससा सुटतो आणि बरोबर बसला तर मांसाची चाळण होते. दुनळी असेल तर पहिल्या नळीला इम्प्रूव्हड, दुसरीला हाफ.

आता तुमच्या लंगड्या सशांचा हिशेब. सशाचं डोकं, मान आणि छाती मिळून साधारण तळहाताएवढा, म्हणजे १०० चौरस सेंटीमीटरचा भाग मर्माचा. त्यात किमान चार छर्रे बसायला हवेत. ३० ग्रॅमच्या काडतुसात २.८ मिलिमीटरचे सुमारे २४० छर्रे असतात. हाफ चोकने ३६ मीटरवर त्यातले १४०-१४५ वर्तुळात. वर्तुळाचं क्षेत्रफळ ४,४०० चौरस सेंटीमीटर. भागाकार करा : मर्मभागात तीन छर्रे येतात, तेही पॅटर्न सारखा पसरला तर. इम्प्रूव्हड असेल तर अडीच. ३५ मीटरवर ससा लंगडतो तो यामुळेच. २७-२८ मीटरवर हाच आकडा चारच्या वर जातो. तेव्हा तुमची मर्यादा ३० मीटर समजा. पावलं मोजून ३० मीटरवर एक खूण रोवा आणि ते अंतर डोळ्यात बसेपर्यंत रोज बघा. बहुतेक लोक ४० मीटरला ३० समजतात.

हा हिशेब छापील आकड्यांचा आहे. तुमच्या नळीचा खरा आकडा कागदच सांगेल. एक मीटर रुंदीचा कागद ३० मीटरवर ताणून लावा, मधल्या खुणेवर बार टाका. मग छर्‍यांची सर्वांत दाट जागा मध्य धरून ७५ सेंटीमीटरचं वर्तुळ आखा आणि भोकं मोजा. प्रत्येक काडतुसाचे किमान तीन कागद काढा, एकाने काही ठरत नाही. तळहाताएवढ्या रिकाम्या जागा दिसल्या तर काडतूस बदला. दाट मध्य खुणेपासून हातभर बाजूला गेला असेल तर दोष पॅटर्नचा नाही, दस्ता तुमच्या मापाचा नाही.

प्रश्न : पंधरा वर्षांच्या मुलीला शिकवायचं आहे. धक्का कमी म्हणून .४१० ही बारीक नळीची छर्‍याची बंदूक घ्यावी का?

उत्तर : घेऊ नये. .४१० हलकी आणि नाजूक दिसते म्हणून नवशिक्याच्या हाती दिली जाते, पण नेमबाजीत ती सर्वांत अवघड छर्‍याची बंदूक आहे. अडीच इंची काडतुसात फक्त १४ ग्रॅम भार, म्हणजे ११० च्या आसपास छर्रे. वरचाच हिशेब लावला तर २०-२२ मीटरपुढे ससा मरेल याची खात्री देता येत नाही. शिकणार्‍याच्या हातून सशामागून ससे जखमी होतात आणि तिचं मन उडतं.

वीस बोअर घ्या, २१ किंवा २४ ग्रॅमची काडतुसं वापरा. धक्का सोसवतो आणि छर्रे पुरतात. त्याहून महत्त्वाचं माप दस्त्याचं. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी मोठ्या माणसाला ३६-३७ सेंटीमीटर लागते, तिला ३३-३४ पुरेल. दस्ता लांब असला की बंदूक खांद्यावर घेताना काखेत अडकते, मग ती दंडावर टेकते आणि धक्क्याने दंड काळानिळा होतो. लोक दोष बोअरला देतात. दस्ता कापून घेतला तर कापलेला तुकडा जपून ठेवा, दोन वर्षांनी परत लावता येतो.

बंदूक घेण्याआधी तिचा प्रमुख डोळा तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खुणेवर बोट रोखायला सांगा, मग डावा डोळा मिटायला. बोट खुणेवरच राहिलं तर उजवा डोळा प्रमुख. बाजूला उडी मारल्यासारखं दिसलं तर डावा, आणि तेव्हा डाव्या खांद्यावरूनच शिकवा.

घरात बारा आणि वीस दोन्ही बोअर असतील तर ही गोष्ट जिवाची आहे : वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या घरातून (काडतूस बसायच्या जागेतून) पुढे घसरून नळीत अडकतं. नळी रिकामी समजून मागे बारा बोअरचं भरलं आणि चाप ओढला की नळी फुटते, तीही पुढच्या हाताखाली. वीस बोअरची काडतुसं पिवळ्या रंगाची करतात ती याचसाठी. दोन्ही काडतुसं एका पिशवीत, एका खिशात, एका खणात कधीही ठेवू नका.

प्रश्न : आजोबांची जुनी दुनळी आहे, चांगल्या स्थितीत दिसते. तीच सशाला वापरली तर?

उत्तर : आधी बंदूक दुरुस्त करणार्‍या जाणकाराकडे द्या. काडतुसाच्या घराची लांबी, नळीची जाडी, आतले खड्डे आणि सांध्यातला खुळखुळेपणा या चार गोष्टी मोजून घ्या. जुन्या बंदुकांची घरं बर्‍याचदा ६५ मिलिमीटरची असतात आणि आजची काडतुसं ७० ची. ७० चं काडतूस ६५ च्या घरात बसतं, घात इथेच होतो. ही लांबी उडालेल्या पुंगळीची असते. बार होताना पुंगळीचं दुमडलेलं तोंड उघडून पुढच्या अरुंद भागात घुसतं आणि दाब धोक्याच्या पातळीवर चढतो. जुन्या पातळ नळीत आणि फुल चोकमधून स्टीलचे छर्रे मुळीच नकोत. ते शिशासारखे दबत नाहीत, नळीचं तोंड फुगतं. ज्या भागात शिसं बंद आहे तिथे अशा बंदुकीसाठी बिस्मथची काडतुसं मिळतात.

नव्या बंदुकीतून स्टील वापरायचं असेल तर छर्रा दोन नंबर मोठा घ्या, म्हणजे सहाच्या जागी चार. स्टीलची घनता ७.८, शिशाची ११.३. त्याच मापाचा स्टीलचा छर्रा लवकर थकतो.

प्रश्न : एअरगनने ससा मरतो का? .१७७ बरी की .२२?

उत्तर : मरतो, डोक्यात आणि ३० मीटरच्या आत. त्यासाठी नळीच्या तोंडाशी १५-१६ ज्यूल ऊर्जा हवी. सहा-सात ज्यूलच्या निशाणबाजीच्या एअरगनने सशावर नेम धरूच नका. बंदुकीच्या खोक्यावर वेग मोठ्या अक्षरांत छापतात, तोही बहुधा फार हलक्या छर्‍याचा. ऊर्जा स्वतः काढा : छर्‍याचं वजन किलोत, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. .१७७ चा ०.५४ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २४० मीटरने सुटला तर १५.५ ज्यूल. .२२ चा १.०४ ग्रॅमचा १७५ मीटरने सुटला तर जवळपास १६. ऊर्जा सारखी, पण मार्ग वेगळा. दोन्हींचं शून्य ३० मीटरवर लावलं तर ४० मीटरवर .१७७ सुमारे साडेतीन सेंटीमीटर खाली जातो, .२२ त्याच्या दुप्पट. अंतर अचूक ओळखता येत नसेल त्याने .१७७ घ्यावी. २५ मीटरच्या आत, अंतर ठाऊक असलेल्या जागी .२२ चा जड छर्रा हाड जास्त जोरात फोडतो. दोन्हींत गोल डोक्याचेच छर्रे वापरा. टोकदार छर्रे नेम बिघडवतात आणि जास्त मारतही नाहीत.

स्प्रिंगची बंदूक पुढे-मागे असा दुहेरी धक्का देते. ती घट्ट आवळली किंवा टणक दगडावर टेकवली की छर्रा दरवेळी वेगळीकडे जातो. पुढचा हात नुसता खाली धरा, बंदूक त्यावर मोकळी राहू द्या. तिच्यावर एअरगनसाठी बनवलेलीच दुर्बीण लावा, साधी दुर्बीण या उलट्या धक्क्याने आतून सुटते. छर्रा न भरता चाप ओढू नका, पिस्टन मोकळा आपटून सील जातं. दाबलेल्या हवेच्या टाकीवर चालणारी पीसीपी धक्का देत नाही आणि शिकायला सोपी आहे, पण टाकीतला दाब ठरावीक मर्यादेखाली उतरला की छर्रा खाली पडू लागतो. किती बारांनंतर असं होतं ते कागदावर मोजून ठेवा आणि रानात त्याच्या चार बार आधीच थांबा.

प्रश्न : .२२ चा नेम ५० मीटरवर पक्का लावला आहे. तरी ३० मीटरवरचा ससा डोक्यावरून चुकतो. दुर्बीण खराब आहे का?

उत्तर : दुर्बीण ठीक आहे. दुर्बीण नळीच्या साधारण चार सेंटीमीटर वर बसलेली असते आणि गोळी खालून वर येत तिची रेषा दोनदा कापते. सबसॉनिक गोळीचं शून्य ५० मीटरवर असेल तर १० मीटरवर ती एक सेंटीमीटर खाली, ३० मीटरवर सुमारे पावणेदोन सेंटीमीटर वर, आणि ७० मीटरवर सहा-साडेसहा सेंटीमीटर खाली लागते. ३० मीटरवर तुम्ही डोळ्यावर नेम धरता आणि गोळी कानाच्या बुडाशी जाते. त्या अंतरावर डोळ्याच्या थोडं खाली धरा. तुमचे बहुतेक ससे ३०-४० मीटरवर मिळत असतील तर शून्य ४० वर आणा.

शून्य बदलताना क्लिकचा हिशेब चुकतो. पाव मिनिटाची (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर सात मिलिमीटर सरकवते, ५० मीटरवर निम्मं, साडेतीन. ५० वर तीन सेंटीमीटर सरकायचं तर आठ क्लिक लागतात, चार नव्हे. आणि काडतुसाचा ब्रँड बदललात तर शून्य पुन्हा तपासा.

प्रश्न : झाडावरच्या खारीसाठी .२२ चालेल का?

उत्तर : फांदीवर आकाशाच्या पार्श्वभूमीवर बसली असेल तर नाही. चुकलेली गोळी कुठे उतरेल ते कोणालाच सांगता येत नाही. जाड खोडाला चिकटून बसली असेल आणि गोळी खोडातच थांबणार असेल तरच रायफल. एरवी छर्‍याची बंदूक, हाफ चोक, २.८ मिलिमीटर.

प्रश्न : छर्‍याने मारलेल्या सशाच्या मांसाला वास येतो. काडतूस बदलू का?

उत्तर : वास पोटातल्या फुटलेल्या आतड्यांचा आहे. पळत्या सशाच्या मागून बार गेला की छर्रे पोटात आणि मागच्या मांड्यांत घुसतात. बंदूक सशाच्या पुढे नेत, नाकाच्या पुढे रोखून, हात न थांबवता चाप ओढा, म्हणजे छर्रे डोक्या-छातीत बसतील. सरळ लांब पळत जाणार्‍या सशावर बार टाकू नका, तो आडवा वळेपर्यंत थांबा.

ससा मिळताच मूत्राशय रिकामं करा, तासाभरात पोट साफ करा, आणि उन्हाळ्यात त्याहून लवकर. सोलताना हातात रबरी मोजे घाला, सशांपासून माणसाला टुलरेमिया हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर तो ससा खाऊ नका, पुरून टाका. छर्रा जिथे घुसला तिथे तो केसांचा पुंजका आत ओढून नेतो. काळपट भोक दिसेल तिथे सुरीच्या टोकाने केस आणि छर्रा दोन्ही काढा, तेवढा रक्ताळलेला भाग कापून टाका आणि उरलेलं मांस मिठाच्या थंड पाण्यात रात्रभर ठेवा.